मुंबईत राहून पोरांना खेळायला कसं लावायचं

एप्रिल आला की ओळखीतले पालक विचारायला लागतात, पोराला कशाला घालू, क्रिकेट बरं की बॅडमिंटन की स्विमिंग, आणि माझं उत्तर दरवेळी तेच, की आधी घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत कुठलं मैदान आहे ते सांगा, खेळाचं मग बघू. त्यांना वाटतं मी टाळतोय. पण मुंबईत खेळ सुटतो तो बहुतेक वेळा प्रवासामुळे सुटतो. चांगली अकादमी म्हणून कांदिवलीच्या पोराला चर्चगेटला घालायचं, मग शाळा, मग किट घेऊन लोकल, मग परत येताना गर्दी, जूनपर्यंत आई दमते, ऑगस्टपर्यंत पोरगं दमतं आणि दिवाळीनंतर किट माळ्यावर. क्रिकेटर शार्दुल ठाकूर पालघरवरून ट्रेनने यायचा हे खरंय, पण त्याचं उदाहरण देणाऱ्यांनी रोज त्याच ट्रेनमधून येऊन नंतर सोडून दिलेली किती पोरं असतील याचाही विचार करावा.

तर पहिलं काम म्हणजे संध्याकाळी साडेपाचला घराबाहेर पडा आणि आजूबाजूची मैदानं स्वतः पायी बघा. फोनच्या मॅपवर हिरवं दिसतं ते कधी कधी फक्त लॉन असतं आणि आत पाटी, 'येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे'. मैदानात अर्धा तास नुसतं उभं राहा. आपल्या पोराच्या वयाची पोरं आहेत का, मुली येतात का, पिण्याचं पाणी आहे का, टॉयलेट वापरण्यासारखं आहे का, अंधार पडल्यावर लाइट लागतात का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. आणि जुन्या वस्तीत राहत असाल तर व्यायामशाळा आणि क्रीडा मंडळं विसरू नका. लालबाग-परळ-प्रभादेवीत कबड्डीची मंडळं आहेत, शिवाजी पार्कला श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब आहे, अंधेरीत शहाजी राजे क्रीडा संकुल आहे, नेपियन सी रोडला प्रियदर्शिनी पार्कात धावायला ट्रॅक आहे. मंडळांची फी चकाचक अकादमीच्या मानाने सहसा किरकोळ असते, फक्त त्यांची जाहिरात इन्स्टावर येत नाही, तिथे जाऊन विचारावं लागतं.

आता खेळ कुठला. आपल्याकडे बापाच्या डोक्यात क्रिकेटच असतं, त्यात वाईट काही नाही, पण एक हिशोब करा. एका नेटमध्ये पंधरा-वीस पोरं असतील तर दोन तासांत तुमच्या पोराला बॅटिंग किती मिळणार, दहा मिनिटं? बाकी वेळ बॉल आणून द्यायचे. कोचला हे सरळ विचारा, यात लाजायचं काही नाही, पैसे आपण देतोय. त्यामानाने खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाची नऊच्या नऊ पोरं सतत कामात असतात, आठ जण बसलेले दिसले तरी कधी खो मिळेल सांगता येत नाही म्हणून सगळे सावध. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही कप भारताने जिंकले, त्यामुळे 'खो-खोत काय भविष्य' म्हणणाऱ्या मामांना सांगायलाही काहीतरी आहे. कबड्डीला सुरुवातीला काही विकतच घ्यावं लागत नाही. मल्लखांब बघायला भीतीदायक वाटतो, एरंडेल लावलेला गुळगुळीत खांब, पण लहान पोरं त्यावर आपल्यापेक्षा लवकर सरावतात.

बारा वर्षांपर्यंत एकाच खेळाला बांधू नका असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन खेळ होऊ देत, शरीराला वेगवेगळी सवय लागते आणि एकाच खांद्यावर किंवा गुडघ्यावर सगळा भार येत नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, म्हणजे खाली डबा ऐसपैस, लगोरी, साखळी खेळलं तरी चालतंय की, त्याला कोच लागत नाही. उलट बाजूने एक साधा नियम आहे, आठवड्याचे ट्रेनिंगचे तास वयाच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नका, नऊ वर्षांच्या पोराला नऊ तास बस झाले, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी.

कोच बघताना त्याने स्वतः कुठपर्यंत खेळलंय हे मी सगळ्यात शेवटी बघतो. जे पोरगं सगळ्यात हळू आहे त्याच्याशी तो कसं बोलतोय ते आधी बघा. पालकांनी बाकावर बसून बघायचं नाही असा नियम असेल तर तिथून निघा, कारण काहीही सांगू देत. फर्स्ट एडचा डबा दाखवा म्हणा. मुलींच्या बॅचला एखादी ताई किंवा मॅडम आहेत का विचारा. आणि वर्षाची फी एकदम भरू नका, महिना भरून बघा.

किटच्या बाबतीत तर हात आखडताच ठेवा. पहिले तीन महिने बरे शूज, सुती टी-शर्ट, टोपी, पाण्याची बाटली, झालं. सीझन बॉलवर, म्हणजे कडक लेदर बॉलवर, खेळायला लागल्यावर पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, गार्ड हवंच, तिथे काटकसर करायची नाही, पण 'पुढच्या वर्षी पण होईल' म्हणून मोठी बॅट घेऊन देऊ नका, जड बॅटने पोराचा सगळा शॉट बिघडतो. जायच्या आधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर घरचं जेवण, प्रोटीन पावडर वगैरे या वयात दुकानदाराच्या सांगण्यावरून आणू नका.

मॅचला गेलात तर बाउंड्रीवरून ओरडून कोचिंग करायचं नाही, ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, मला माहितेय. 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शाळांच्या स्पर्धेच्या मॅचमध्ये सचिन आणि कांबळीने नाबाद 664 ची पार्टनरशिप केली हे मुंबईत सगळ्यांना पाठ आहे, पण त्यांच्यानंतर बॅटिंगला येणारा अमोल मुजुमदार तेवढा सगळा वेळ पॅड बांधून बसला होता आणि त्याची बॅटिंग आलीच नाही. पुढे मुंबईसाठी ढिगाने रन केले, तरी भारताकडून एकही मॅच खेळायला मिळाली नाही. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये नवी मुंबईत आपल्या महिला संघाने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कोच तोच होता. त्यामुळे तुमच्या पोराला शेवटच्या दोन ओव्हर्स मिळाल्या म्हणून सरांशी भांडायला जाऊ नका. गाडीत किंवा रिक्षात बसल्यावर पहिला प्रश्न 'किती रन केलेस' नको, 'भूक लागली का' विचारा, रन तो स्वतःच सांगेल, नाही सांगितले तर समजून घ्या.

सोसायटीतल्या खेळाचं वेगळंच राजकारण. काचा फुटतात, आजोबांची झोपमोड होते, गाड्यांना ओरखडे, तक्रारी खोट्या नसतात. म्हणून पोरांना पुढे करण्यापेक्षा दोन-तीन पालकांनीच सेक्रेटरींना भेटावं आणि ठरवून घ्यावं, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, प्लास्टिक किंवा टेनिस बॉल, अंडरआर्म, डायरेक्ट भिंतीला लागला तर आउट, काच फुटली तर खेळणाऱ्या सगळ्यांनी वर्गणी. लेखी घेतलंत तर कमिटी बदलली तरी टिकतं. आणि मागच्या चाळीतली, वॉचमनची, इस्त्रीवाल्याची पोरं खेळायला आली तर गेटवर अडवू नका प्लीज. शाळा वेगळ्या, क्लास वेगळे, इंग्रजी-मराठी वेगळं, टॉवर आणि चाळीची पोरं एकमेकांना नावाने ओळखतील अशी जागा आता मैदानाशिवाय फारशी उरलेली नाही, आणि 'राज्य' कुणावर आलं हे ठरवताना बापाचा पगार कुणी विचारत नाही.

मुली बारा-तेराच्या झाल्या की खेळ अचानक बंद होतो, कारण कुणी सांगत नाही, पाळी, कपडे बदलायला जागा नाही, येताना अंधार, नाहीतर 'आता काय मुलांसारखं खेळायचं' म्हणणारी आत्या. एकटीला पाठवण्यापेक्षा बिल्डिंगमधल्या तिघी-चौघी एकत्र घाला, येणं-जाणं एकत्र होतं आणि एकीला कंटाळा आला तर दुसरी ओढून नेते. सरांना पाळीचं सांगायला अवघड वाटत असेल तर आईने एकदाच मोकळं बोलून ठेवावं.

पावसात घरी बसवायची गरज नाही, 1948 पासूनची कांगा लीग मुंबईत पावसाळी क्रिकेट म्हणूनच प्रसिद्ध आहे आणि चिखलातल्या फुटबॉलची मजा वेगळीच. फक्त तुंबलेल्या पाण्यात, तेही पायाला जखम असताना, अजिबात खेळू देऊ नका, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, त्यातूनच होतो. पाऊस फारच असेल तर कॅरम, टेबल टेनिस आहेच.

पाय मुरगळला तर लगेच तेल लावून चोळायचं नाही, शेकायचंही नाही. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर, आणि पाय टेकवताच येत नसेल तर सरळ एक्सरे.

दहावीला खेळ बंद करू नका, कमी करा. रोजचे दोन तास आठवड्यातून तीन दिवस एक तास असे होऊ देत. स्पर्धा खेळलेल्यांनी सर्टिफिकेटं जपून ठेवा, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पण ते कुठल्या पातळीवर खेळलात त्यावर असतं आणि प्रस्ताव शाळेतून जातो, त्यामुळे पीटीच्या सरांना शाळा सुरू झाल्या झाल्याच भेटा. जन्मदाखला आणि आधार कार्डवरचं नाव, तारीख सारखी आहे ना तेही आत्ताच तपासा, वयोगटाच्या स्पर्धेच्या सकाळी यावरून परत पाठवलेली पोरं दरवर्षी दिसतात.