ट्रान्सफरच्या निकालाची वाट पाहताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षे शिकायचे आणि तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘यूसी’त, ट्रान्सफर घ्यायची, हा मार्ग बे एरियातील मराठी घरांना आता नवा राहिलेला नाही. अर्ज कसा भरावा, निबंध कसे लिहावेत, कोणते विषय घ्यावेत यावर पुष्कळ बोलले जाते. मात्र नोव्हेंबरअखेर अर्ज सादर झाल्यापासून एप्रिलमध्ये निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतर जुलैपर्यंत काय करायचे, यावर फारसे कोणी बोलत नाही. गेली काही वर्षे ओळखीच्या कुटुंबांतील मुलांचे अर्ज मी जवळून पाहत आले आहे. माझा अनुभव असा की, हुशार मुलांच्या जागा ज्या चुकांमुळे गेल्या, त्यांतल्या बऱ्याच या वाट पाहण्याच्या काळातल्या होत्या. अर्ज गेला की काम संपले आणि आता देव पाण्यात घालून बसायचे, असे घरातले सगळेच धरून चालतात, तर विद्यापीठाच्या दृष्टीने ती फाइल अजून उघडीच असते.

जानेवारीतील अपडेट न भरणे

नोव्हेंबरमध्ये अर्ज करताना विद्यार्थ्याचे चालू सत्र संपलेले नसते. म्हणून यूसी जानेवारीत ‘ट्रान्सफर अॅकॅडेमिक अपडेट’ नावाचा एक फॉर्म उघडते. त्यात फॉल, म्हणजे डिसेंबरपर्यंत चालणाऱ्या सत्राचे गुण आणि पुढील सत्रांत घेतलेले किंवा घ्यायचे असलेले विषय भरायचे असतात. त्याची मुदत साधारणपणे ३१ जानेवारी असते. “माझ्या अर्जात काहीच बदललेले नाही, मग कशाला भरू?” असे म्हणून पुष्कळ मुले तो उघडतही नाहीत. काहीही बदललेले नसले, तरी तो फॉर्म उघडून, तपासून पुन्हा सादर करावाच लागतो. फॉलमध्ये मिळालेला ‘ए’ विद्यापीठाला आपोआप दिसत नाही. तो आपण कळवल्यावरच दिसतो.

हा फॉर्म भरताना समोर अनधिकृत का होईना, पण ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजचे गुणपत्रक, उघडे ठेवावे आणि विषयाचा क्रमांक, युनिट (क्रेडिट) व गुण जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. ज्या ज्या कॉलेजमध्ये नाव नोंदवले होते, ती सगळी त्यात आलेली आहेत ना, हेही त्याच वेळी पाहावे. उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजमधून केलेला एखादा ऑनलाइन विषय राहून जातो. पुण्यात किंवा नागपुरात एफवाय करून मग अमेरिकेत आलेली मुले ते वर्ष “इथे चालणार नाही” म्हणून गाळून टाकतात. त्याचे क्रेडिट मिळो न मिळो, ते वर्ष दाखवणे बंधनकारक आहे. ते लपवले असे पुढे दिसले, तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो.

न कळवता विषय सोडणे किंवा बदलणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

यूसीत तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी ट्रान्सफर होण्याजोगी ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट्स लागतात. त्याशिवाय सात विषयांचा ठरलेला साचा पूर्ण करावा लागतो: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक आणि इतर शाखांतील चार. हे सर्व फॉलमधील प्रवेशाच्या आधीच्या वसंत सत्राअखेर पूर्ण व्हायला हवे. एप्रिलमध्ये हाती येतो तो प्रवेश या अटींवर बेतलेला, म्हणजे सशर्त असतो. अर्जात व अपडेटमध्ये जे विषय लिहिले, ते विद्यार्थी पूर्ण करील असे गृहीत धरून तो दिलेला असतो.

आता डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रे असलेल्या, कॉलेजमधील विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. त्याचा हिशेब ९२ युनिटांचा आहे आणि वसंत सत्रात पाच युनिटांचे गणित त्याला जड जाते आहे. ‘सी’ पडण्यापेक्षा ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, बरी, असे म्हणून तो विषय सोडतो. गुणांची सरासरी वाचते, पण ९२ चे ८७ होतात आणि तो किमान अटीच्याच खाली जातो. सोडलेला विषय मेजरच्या, म्हणजे मुख्य अभ्यासशाखेच्या, पूर्वतयारीचा असेल, तर युनिट्स पुरेशी असूनही अडचण उभी राहते.

माझ्या मैत्रिणीच्या मुलाच्या बाबतीत असेच झाले. इंजिनिअरिंगसाठी लागणारा भौतिकशास्त्राचा शेवटचा भाग त्याने वसंत सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात सोडला आणि तेवढ्याच युनिटांचा सोपा विषय घेतला. युनिट्स भरली, त्यामुळे कळवण्याची गरज त्याला वाटली नाही. एप्रिलमध्ये प्रवेशाचे पत्र आले, घरी पेढे वाटले गेले, जूनमध्ये खोलीसाठी अर्जही झाला. जुलैत ट्रान्सक्रिप्ट पोहोचल्यानंतर प्रवेश रद्द झाल्याचे कळवण्यात आले. त्याची आई मला फोनवर एकच विचारत होती, “अगं, एक ईमेल केला असता तर?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण योग्य वेळी कळवले असते तर मार्ग निघण्याची शक्यता खरोखरच होती.

म्हणून विषय सोडण्याआधी काउन्सेलरला भेटावे आणि त्या विषयाशिवाय युनिट्स, सात विषयांचा साचा व मेजरची पूर्वतयारी या तिन्ही गोष्टी पुऱ्या होतात का, हे तपासून घ्यावे. कोणत्या कॅम्पसला कोणता विषय चालतो, हे असिस्ट या अधिकृत संकेतस्थळावर दिसते. त्यानंतरही सोडावा लागलाच, तर अर्ज केलेल्या प्रत्येक कॅम्पसला पोर्टलमधून किंवा त्यांनी सांगितलेल्या मार्गाने लेखी कळवावे. पत्र लांबलचक नको: अर्जाचा क्रमांक, विषयाचे नाव व युनिट्स, तो सोडल्याची तारीख, कारण एका वाक्यात, आणि ती अट आता कशी पूर्ण होणार ते. उत्तर आले की ते जपून ठेवावे. निकालानंतर ‘डी’ किंवा ‘एफ’ पडण्याची चिन्हे दिसू लागली, तरी हेच करावे. ट्रान्सक्रिप्टवरून त्यांना कळण्याआधी आपण कळवलेले केव्हाही चांगले.

‘टॅग’ आहे म्हणून निर्धास्त राहणे

डेव्हिस, अर्वाइन, मर्सिड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे यूसीचे सहा कॅम्पस ट्रान्सफरची हमी देणारा करार, म्हणजेच ‘टॅग’, देतात. त्याचा अर्ज सप्टेंबरमध्ये करावा लागतो. पण ही हमीदेखील सशर्तच असते. नोव्हेंबरचा अर्ज, जानेवारीचे अपडेट आणि वसंत सत्राचे विषय यांतले काहीही चुकले, की ती हमी राहत नाही.

पोर्टल न उघडणे, किंवा दिवसातून वीस वेळा उघडणे

अर्ज एकच असला, तरी त्यानंतर प्रत्येक कॅम्पसचे पोर्टल वेगळे असते आणि त्याची माहिती ईमेलने येते. ती स्पॅममध्ये पडून राहिली, तर जास्तीच्या कागदपत्रांची किंवा पुरवणी प्रश्नांची मागणी नजरेतून सुटते. सर्व पोर्टलची नावे व लॉगिन एका कागदावर लिहून ठेवावीत आणि आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी ती तपासावीत. ट्रान्सफरचे निकाल साधारणपणे एप्रिलअखेरपर्यंत लागतात, आणि बर्कली व लॉस एंजेलिसचे बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात. तोवर जीव टांगणीला लागणारच. पण शेजारच्या मुलाला उत्तर आले आणि आपल्याला आले नाही, यावरून काहीही अनुमान काढता येत नाही. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, रोज जेवताना “काही आले का?” असे विचारू नये.

पैशांच्या आणि व्हिसाच्या कामांसाठी निकालाची वाट पाहणे

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक विद्यार्थ्याने ‘फाफ्सा’ हा आर्थिक साहाय्याचा अर्ज निकालाआधीच भरायचा असतो. राज्याच्या कॅल ग्रँटसाठी त्याची मुदत साधारणपणे २ मार्च असते, म्हणजे निकालाच्या कितीतरी आधी. अर्ज केलेले सगळे यूसी कॅम्पस त्यात टाकावेत.

एच-४, म्हणजे पालकांच्या एच-१बी सारख्या व्हिसावर अवलंबून असलेल्या दर्जावर, राहणाऱ्या मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २१ वर्षे पूर्ण होताच हा दर्जा संपतो, आणि ट्रान्सफरच्या सुमारास बरीच मुले नेमकी त्याच वयाची असतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे आय-२० हे प्रमाणपत्र कॉलेजकडूनच मिळवावे लागते. त्यामुळे वाढदिवसाची तारीख आणि प्रवेशाची तारीख शेजारी शेजारी लिहून इमिग्रेशन वकिलाचा सल्ला निकालापूर्वीच घ्यावा. कॅलिफोर्नियाचा रहिवासी म्हणून फी लागेल की परराज्यातील विद्यार्थी म्हणून, हे कॅम्पसचे रेसिडेन्सी कार्यालय ठरवते. परराज्यातील विद्यार्थ्याला वर्षाला ३०,००० डॉलरहून अधिक जादा फी पडते, त्यामुळे प्रवेश स्वीकारल्यावर भरायच्या रहिवासाच्या फॉर्मकडे दुर्लक्ष अजिबात परवडणारे नाही.

भारतातून एफ-१ वर आलेल्या विद्यार्थ्यांनी सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतील आपली नोंद नव्या कॅम्पसकडे सोडण्याची घाई करू नये. ती ठरलेल्या दिवशी एकदा तिकडे गेली, की जुन्या कॉलेजला ती परत ओढता येत नाही. कॅम्पसचा निर्णय पक्का झाल्यावरच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलून सोडण्याची तारीख ठरवावी, आणि तोवर भारतात जाण्याचे तिकीट काढू नये.

हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणे

आवडत्या कॅम्पसने वेटलिस्टवर ठेवले, म्हणून बाकीच्यांना उत्तर न देणे ही भावनेच्या भरात होणारी चूक आहे. वेटलिस्टवर आपोआप नाव राहत नाही. पोर्टलमध्ये जाऊन होकार द्यावा लागतो. तो दिल्यानंतरही, मिळालेल्या दुसऱ्या एका कॅम्पसचा प्रवेश १ जूनच्या मुदतीत स्वीकारलाच पाहिजे. पुढे वेटलिस्टवरून बोलावणे आले, तर पहिली जागा सोडता येते आणि फार तर अनामत बुडते. १ जून उलटून गेला, तर तेलही जाते आणि तूपही जाते.

नकार आला, तर अपील करता येते. परंतु “मी फार मेहनत केली आहे” हे अपिलाचे कारण होत नाही. अर्जात नसलेली नवी आणि महत्त्वाची माहिती असेल, उदाहरणार्थ कॉलेजने चुकीचा लावलेला व नंतर दुरुस्त केलेला गुण, तरच अपील करावे.

शेवटचे ट्रान्सक्रिप्ट

अधिकृत ट्रान्सक्रिप्ट पोहोचण्याची मुदत १ जुलै असते. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजमध्ये वसंत सत्र जूनच्या अखेरीस संपते, त्यामुळे हाती जेमतेम काही दिवस उरतात. घाईने जूनच्या मध्यावर मागवलेले ट्रान्सक्रिप्ट वसंत सत्राच्या गुणांविना जाते आणि अपुरे ठरते. मागणी नोंदवताना ‘गुण लागेपर्यंत थांबवा’ असा पर्याय असतो, तो निवडावा. सामान्य शिक्षणाचे विषय पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे पूर्वीचे आयगेट्सी किंवा आताचे कॅल-गेट्सी, आपोआप जात नाही. त्याची मागणी काउन्सेलिंग कार्यालयाकडे स्वतंत्रपणे करावी लागते. शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट वेगळे मागवावे, अगदी एकाच उन्हाळी विषयापुरते नाव नोंदवलेले असले तरीही. पाठवल्यानंतर आठवडाभराने पोर्टलमधील यादी उघडून प्रत्येकापुढे ‘मिळाले’ अशी नोंद आली आहे का ते पाहावे, आणि नसेल तर त्याच दिवशी कॉलेजच्या रेकॉर्ड विभागाला मागणीच्या पावतीचा क्रमांक देऊन विचारावे.