नाशिक महापालिकेतील सत्तांतर कसे तपासावे

मतमोजणीच्या दिवशी गुलाल उधळला म्हणजे सत्ता बदलली, असे समजू नये. प्रथम प्रभागनिहाय निकाल घ्यावा आणि त्यातील अ, ब, क, ड या प्रत्येक जागेचा विजेता स्वतंत्र मोजावा, कारण एकाच प्रभागातून वेगवेगळ्या पक्षांचे नगरसेवक निवडून येऊ शकतात. १२२ जागांच्या सभागृहात बहुमताचा आकडा ६२ आहे. २०१७ मध्ये भाजपने ६६ जागा जिंकून एकहाती सत्ता मिळवली. २०१२ मध्ये मात्र ४० जागांचा मनसे सर्वांत मोठा पक्ष असूनही महापौरपदासाठी त्याला इतरांची साथ घ्यावी लागली होती. म्हणून बहुमत कोणालाच नसेल, तर विभागीय आयुक्तांकडील गटनोंदणीकडे लक्ष ठेवावे. कोण कोणाच्या गटात गेले, हे तेथेच कळते.

त्यानंतर महापौर निवडणुकीतील मते पाहावीत. स्वीकृत, म्हणजे मतदारांनी न निवडता सभागृहात नेमलेल्या सदस्यांना मताधिकार नसल्याने त्यांना बेरजेत धरू नये.

माझ्या मते खरी कसोटी सोळा सदस्यांच्या स्थायी समितीत लागते. पक्षीय बलाबलानुसार तिच्यात सदस्य नेमले जातात आणि अंदाजपत्रक व मोठ्या निविदा तिच्याच मंजुरीने पुढे सरकत असल्यामुळे, आपल्या प्रभागातील रस्त्याची किंवा जलवाहिनीची चौकशी करताना सभापती कोणत्या पक्षाचा आहे, हे नागरिकांनी आवर्जून पाहावे.