आधी उतार शोधा: कोकणातल्या सड्यांवरून आणि रानातून ग्रॅव्हल सायकलिंग

कोकणात ग्रॅव्हल सायकलिंग करायचं, म्हणजे गाड्यांची वर्दळ टाळून माती-खडीच्या वाटांवर सायकल चालवायची तर इथल्या जमिनीची ठेवण आधी समजून घ्यावी लागते. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. खाली खोऱ्यात वाडी, भातशेती, आंब्या-काजूच्या बागा आणि व्हाळ, म्हणजे ओढा. पलीकडे पुन्हा चढ, मग दुसरा सडा. पूर्वेला सरकावं तसं सडे संपतात आणि सह्याद्रीच्या पायथ्याचं दाट रान सुरू होतं. सड्यावर मातीच्या वाटांचं जाळं असतं, तिथे फारसं चुकत नाही. बेत फसतो तो सड्याच्या कडेला, कारण खाली उतरणारी चालवण्याजोगी वाट सगळीकडे नसते. म्हणून मार्ग आखताना आधी उतार पक्के करा, मग त्यांना जोडणारे सडे निवडा.

उतरायला तीन प्रकारच्या वाटा मिळतात. डांबरी रस्ता, म्हणजे गाड्या आल्याच. गाडीवाट, जिच्यावरून कधीकाळी बैलगाडी जायची आणि आता बागेकडे जाणारी जीप किंवा टेम्पो जातो. आपल्याला हीच हवी. तिसरी पाखाडी: चिऱ्यांच्या (जांभ्याच्या घडीव दगडांच्या) पायऱ्यांची, वाडीतून थेट खाली उतरणारी पायवाट. मोबाइलवरच्या नकाशात पाखाडी आणि गाडीवाट बऱ्याचदा सारख्याच तुटक रेघेने दाखवलेल्या असतात. तिथेच लोक अडकतात आणि भर उन्हात शंभर-दीडशे पायऱ्या सायकल खांद्यावर घेऊन उतरतात.

फरक घरबसल्या ओळखता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. दाटीवाटीच्या रेषांना वाट सरळ छेदत असेल तर ती पाखाडी किंवा पायवाट समजा. वळणं घेत, रेषांना तिरकी कापत उतरत असेल तर गाडीवाट असण्याची शक्यता जास्त. मग उपग्रह चित्र उघडा. मातीचा रस्ता तांबडा दिसतो, डांबरी करडा. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रंही बघता येतात. त्यातलं फेब्रुवारी-मार्चचं निवडा, कारण तेव्हा ऐन-किंजळाची पानं झडलेली असतात आणि झाडीखालची वाट दिसते. रेघ मध्येच लुप्त होऊन पन्नास मीटरवर पुन्हा उगवत असेल तर ती झाडीखालून जात असावी. व्हाळाशी संपत असेल तर तिथे फक्त साकव (पायी ओलांडायचा छोटा पूल) असण्याची शक्यता धरून चाला.

बाकी शंका गावात विचारून फेडाव्यात, पण प्रश्न नेमका हवा. ‘ही वाट खाली जाते का?’ असं विचारलं की उत्तर ‘जाते की’ असंच येणार, कारण माणूस पायी जातोच. ‘काका, इथून मोटारसायकल खाली उतरते का? पावसानंतर कोणी गेलंय का?’ असं विचारा. पावसाळ्यात दरड खचते, मोऱ्या वाहून जातात, आणि काही वाटा दिवाळीनंतर रान साफ होईपर्यंत चालवण्याजोग्या नसतात. ‘पुढे चिरेखाण आहे का?’ हा प्रश्नही सोडू नका. चालू खाणीचा रस्ता कामाच्या दिवशी ट्रकचा असतो. बंद खाणींना बहुधा कठडा नसतो. सड्याच्या सपाटीत सरळ कापलेला खड्डा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. सूर्य मावळल्यावर अनोळखी सड्यावर सायकल चालवू नये, याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्याआधी कातळावर शेवाळ असतं आणि त्यावर कुठलाच टायर धरत नाही. सावलीतल्या उतारांवर ते डिसेंबरपर्यंतही टिकतं. ओली तांबडी माती टायर आणि फ्रेम यांच्या मधल्या फटीत दाबून बसते आणि चाक फिरेनासं होतं. मार्चपासून सडा तापतो, सावलीला झाड नसतं, शिवाय बागांमध्ये फवारणी आणि राखण सुरू असते. पावसाळ्यात सड्यावर फुलं असताना तर गाडीवाट सोडूच नका: तिथला मातीचा थर जेमतेम काही बोटांचा असतो आणि चाकाने उखडला की भरायला फार काळ लागतो. राजापूर तालुक्यातल्या देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उघड्या कातळावर कुठेही सायकल घालू नका. चित्र पायाखाली असलं तरी तिरक्या उन्हाशिवाय ते लक्षातही येत नाही.

आता टायर. जांभ्याची बारीक खडी गोल असते, ती चाकाखालून घरंगळते. खडीकरण झालेल्या पण अजून न दाबलेल्या रस्त्यावरची काळी खडी धारदार असते, ती टायरची बाजू कापते. दोन्हींसाठी ४० ते ४५ मिलिमीटरचा, बाजू जाड असलेला ट्यूबलेस टायर घ्या. ७० किलोच्या माणसाला पुढे २८ ते ३० आणि मागे ३२ ते ३४ पीएसआय हवा पुरते. यापेक्षा जास्त हवा भरली तर उतारावर पुढचं चाक उड्या मारतं आणि वळणावर पकड सुटते. फार कमी ठेवली तर रिम दगडावर आपटते. सीलंट, म्हणजे टायरच्या आत राहून भोक बुजवणारा द्रव, एका चाकात ६० ते ८० मिलिलिटर. इथल्या उष्म्यात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन महिन्यांनी टायर हलवून बघा. आत डचमळल्याचा आवाज नसेल तर ३० मिलिलिटर वाढवा.

करवंदीचा किंवा बोरीचा काटा घुसला तर उपटून चाक असं फिरवा की भोक खाली येईल. सीलंट तिथे जमून बहुतेक वेळा बंद करतं. भोक तीन-चार मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर प्लग (भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी) घाला. बाजूच कापली गेली असेल तर आतून जाड पॅच लावून ट्यूब टाका, पण त्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवा, जपून. ट्यूबलेस टायरमध्ये कित्येक काटे सीलंटने दाबून ठेवलेले असतात. ते न काढता ट्यूब घातली की ती पाच मिनिटांत बसते, आणि दुसरी ट्यूब सहसा जवळ नसते. गावातल्या दुकानातल्या ट्यूबवर विसंबू नका: साध्या सायकलचा जाड व्हॉल्व्ह आपल्या रिमच्या साडेसहा मिलिमीटरच्या भोकातून जात नाही. आपल्या बारीक, म्हणजे प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसणारा पितळी अडॅप्टर मात्र जरूर ठेवा, म्हणजे पंक्चरवाल्याच्या पंपाने हवा भरता येते. आणखी दोन वस्तू विसरू नयेत: आपल्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) आणि चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी).

गिअर हलके हवेत. सड्यावर चढणारी वाट लांबीने थोडी पण उभी असते, आणि घरंगळत्या खडीवर सायकलवरून उठून पेडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं. बसूनच चढता यावं यासाठी पुढच्या चक्रीचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीपेक्षा कमी असावेत. पुढे ४० आणि मागे ४६ ही जोडी चांगली.

उतरताना वेग वळणाच्या आधीच कमी करा, हात हँडलच्या खालच्या वाकावर आणि वजन मागे. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवतात दगड लपलेले असतात, म्हणून एकच चाकोरी धरा आणि ती बदलायची असेल तर सपाटीवर बदला. रानात फेब्रुवारीनंतर वाळल्या पानांचा थर साचतो. त्याखाली काय आहे ते दिसत नाही, तिथे चालण्याच्या वेगाने जा. ब्रेक सतत ओढून धरले तर पॅड तापून गुळगुळीत होतात आणि पकड जाते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. तांबड्या धुळीत रेझिन पॅड लवकर झिजतात, मेटल पॅड जास्त टिकतात, आवाज करतात तेवढं चालवून घ्यावं.

रानाकडे जायचं तर सुरुवातीला कुडाळहून माणगाव खोरं धरून शिवापूरकडे जा. मुख्य रस्ता डांबरी पण शांत, समोर मनोहर-मनसंतोष गड, आणि वाड्यांकडे फुटणाऱ्या मातीच्या वाटा भरपूर. दक्षिणेला दोडामार्ग तालुक्यात कुंब्रल, कोलझर, तळकट, झोळंबे हा पट्टा आणखी दाट आहे. घाट चढून जायचा मोह टाळा. आंबोली, फोंडा, आंबा, कुंभार्ली हे वाहनांचे घाट आहेत आणि जुन्या घाटवाटा पायी माणसांच्या.

अभयारण्य, राखीव वन किंवा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका. रत्नागिरी जिल्ह्यात तर बहुतेक रान मालकीचं आहे. गडग्यातल्या, म्हणजे दगडी कुंपणातल्या वाटेला आडवे दांडे लावलेले असतील तर घरी हाक मारून विचारा आणि गेल्यावर दांडे पुन्हा लावा, नाहीतर गुरं बागेत शिरतात. देवराईतून सायकल चालवू नका.

दोडामार्गात रानटी हत्तींचा वावर आहे; निघण्यापूर्वी सकाळी गावात चौकशी करा. गवा वाटेत उभा असेल तर थांबा, त्याला जायला जागा द्या, घंटी वाजवू नका. फुरसं हा विषारी साप दगडांच्या फटीत बसतो, म्हणून सायकल गडग्यावरून उचलताना हात कुठे टेकतोय ते बघा. जानेवारी ते मे या काळात दोडामार्ग-सावंतवाडी भागात माकडतापाचा धोका असतो. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. पाचोळ्यात बसू नका, पाय झाका, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा, आणि नंतर ताप आला तर कुठे फिरलात ते डॉक्टरांना सांगा.

पहिल्या खेपेला ४० किलोमीटर पुरे. चढउतार धरून ताशी १२ किलोमीटरच्या पुढे सरासरी जात नाही. उजाडताच निघा, अकराच्या आत सड्यावरून खाली या. तीन लिटर पाणी बरोबर हवं. जांभ्यातून पाणी झिरपून जातं, त्यामुळे वर विहीर मिळेलच असं नाही. वाडीत मागितलं तर तांब्याभर पाणी सहसा कोणी नाकारत नाही.

परतल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवा, पण पाण्याचा फवारा हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो तो भाग) यांच्यावर नको. खाऱ्या वाऱ्यात स्पोकचे निपल आणि बोल्ट लवकर गंजतात. महिन्यातून एकदा सीटपोस्ट काढून पुसा आणि ग्रीस लावून परत बसवा. सीटपोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. हंगामभर तसाच राहिलेला ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये इतका घट्ट धरतो की काढायला करवत लागते.