माळ्यावर बीएचसीचा जुना डबा सापडला तर

घर आवरताना आमच्या माळ्यावर फुटक्या परातीमागे बीएचसी या जुन्या कीटकनाशक पावडरचा डबा निघाला. तळ गंजून गेलेला, खाली पांढुरकी भुकटी सांडलेली, आणि तो ओळखीचा कुबट वास. पूर्वी कणगीत धान्य भरताना ही पावडर सर्रास लावायचे. मुंग्यांसाठी डीडीटीची रेघ ओढायचे, तीही चुलीशेजारी! शेतीतल्या डीडीटीवर 1989 मध्ये आणि बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली. बंदीची बातमी माळ्यापर्यंत मात्र कुणी पोचवली नाही.

ही विषं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. मातीतलं डीडीटी निम्मं व्हायलाच 2 ते 15 वर्षं लागू शकतात. तिथून ते दुधात, अंड्यात आणि आपल्या अंगात साठतं. बीएचसीमधल्या लिंडेन या घटकामुळे माणसाला कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये जाहीर केलं.

1. आधी मुलांना आणि गरोदर बाईला लांब पाठवा. रबरी हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. झाडू मारू नका, धूळ उडते. सांडलेल्या भुकटीवर ओलसर माती टाकून ती जुन्या सुपलीने उचला, जागा ओल्या फडक्याने पुसा. डबा, माती, सुपली, फडकी, मोजे सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात भरा आणि वर ठळक अक्षरात ‘विष’ लिहा. नंतर साबणाने आंघोळ करा. ते कपडे वेगळे धुवा.

2. जाळू नका, पुरू नका, ओढ्यात टाकू नका. जाळल्यावर डायॉक्सिनसारखी आणखी घातक द्रव्यं तयार होऊ शकतात. ‘खड्डा करून पुरून टाक’ हा सल्ला गावात हमखास मिळतो. तो ऐकलात तर विष माळ्यावरून विहिरीच्या वाटेला लागतं.

3. द्यायचं कुठे? खरी कटकट इथेच आहे. सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) सांगा. तालुका कृषी कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत, पण पिंप स्वतः गाडीत घालून निघू नका. सोय होईपर्यंत ते धान्य आणि वैरणीपासून लांब, कुलपात ठेवा.

4. भुकटी परसात सांडली असेल तर मातीकडे बघा. माती तपासून मिळणाऱ्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, कीटकनाशकाचा अंश त्यात नसतो. त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागते. राहुरीच्या कृषी विद्यापीठात विचारा. नमुना प्लास्टिकच्या पिशवीऐवजी स्वच्छ काचेच्या बरणीत न्या.

अहवाल येईपर्यंत त्या तुकड्यात गाजर, मुळा, रताळी लावू नका, आणि भोपळा-काकडीचे वेल तर नकोतच. हे वेल जमिनीतलं असं विष इतर पिकांपेक्षा जास्त ओढतात. टोमॅटो, वांगी, मिरची त्या मानाने कमी घेतात. चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घातलं तर विष मातीला धरून राहतं, मुळांना कमी मिळतं.

कोंबड्या मात्र तिथे अजिबात सोडू नका. त्या दिवसभर माती उकरतात, टिपतात, आणि विष थेट अंड्याच्या पिवळ्या बलकात उतरतं. आमच्या चारही कोंबड्या सध्या जाळीच्या पलीकडे आहेत आणि आमच्यावर भयंकर रागावल्या आहेत.