कान ठणकतोय म्हणून तेल घालू नका: पडदा सुजल्यावर या चुका टाळा

आषाढात बेळगावजवळच्या खानापूरकडं पावसानं धरलं की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. घरातली पोरं शेंबूड ओढत फिरतात आणि एखाद्या रात्री त्यातलं एक कान धरून रडत उठतं. माझ्या भाच्याचं असंच झालं. आज्जीनं लसूण घालून खोबरेल कडवलं, कोमट झाल्यावर चार थेंब कानात सोडले. पोर पहाटे झोपलं. सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळट, किंचित रक्ताळलेला डाग. "घाण भायर पडली, आता बरं वाटंल," आज्जी म्हणाली. आम्हालाही ते पटलं आणि दोन दिवस आम्ही दवाखान्यात गेलोच नाही. सगळ्यात मोठी चूक ती.

कानाचा पडदा जेमतेम ९-१० मिलिमीटर रुंद आणि कागदासारखा पातळ असतो. त्याच्या मागच्या पोकळीतून एक नळी नाकाच्या मागं उघडते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दीत लवकर तुंबते. मग आत पाणी साचतं, त्याचा पू होतो आणि पडदा बाहेर फुगतो. ठणका त्या ताणाचा असतो. पडदा फाटला की ताण सुटतो, पू वाहतो आणि पोर शांत झोपतं. म्हणजे दुखणं एकदम थांबून कान वाहायला लागला, तर तो बरा झाला नाही, फुटला. अशी बहुतेक छिद्रं काही आठवड्यांत आपोआप भरतात, पण कान कोरडा राहिला तरच.

तेल पडद्यामागच्या पुवापर्यंत पोचतच नाही आणि पडदा फाटलेला असेल तर नको तिथं आत शिरतं. गेल्या वर्षीच्या बाटलीतले थेंब त्याहून वाईट. जेंटामायसीनसारखं औषध फाटक्या पडद्यातून आत गेलं तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. कान दुर्बिणीनं बघितल्याशिवाय मेडिकलमधून थेंब आणू नका. काडेपेटीची काडी, पिन, कापसाची काडी, काहीच आत घालू नका.

रात्र काढायला पॅरासिटामॉल पुरतं. एका वेळी किलोमागं १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या पोराला १८० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही.

डॉक्टरांकडं इंजेक्शनचा हट्ट धरू नका. मोठ्या मुलाचं दुखणं सौम्य असेल तर ते दोन-तीन दिवस वाट बघायला सांगतात आणि ते बरोबरच असतं. पण अँटिबायोटिक दिलं असेल तर ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर थांबायचंच नाही.

वाहता कान असताना विहिरीत पोहणं बंद. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा. बाळाला आडवं झोपवून बाटली देऊ नका. घरात विडी-सिगारेट नकोच, त्या धुरानं पोरांचे कान पुन्हा पुन्हा बिघडतात.

कानामागं सूज येऊन कान पुढं आल्यासारखा दिसला, तोंड वाकडं झालं, मान ताठली किंवा चक्कर येऊन उलट्या झाल्या, तर त्याच रात्री बेळगावला न्या. समोर कन्नड बोलणारं कुणी असेल तर "किवी नोवु" म्हणजे कान दुखतोय, "किवी सोरुत्तदे" म्हणजे कान वाहतोय. एवढं आलं तरी खोळंबा होत नाही.

भाच्याचं छिद्र दीड महिन्यानं भरलं, तरी टीव्हीचा आवाज तो वाढवतच होता. हाक मारली की "आं?" म्हणायचा. शाळेतून लक्ष देत नाही अशी तक्रार आली आणि आम्ही त्यालाच रागावलो. पडद्यामागं पाणी तसंच होतं. दुखणं गेल्यावरही ते तीन महिन्यांपर्यंत राहू शकतं, म्हणून कान पुन्हा एकदा तपासून घ्या.