जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून जोडला

आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नव्हतं, म्हणून जुना राउटर तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट केला, म्हणजे मुख्य राउटरला केबलने जोडून फक्त वायफाय पुरवणारा. रिपीटर मोड (वायफायचाच सिग्नल पकडून पुढे पाठवणं) टाळला, कारण एकाच रेडिओवर घेणं-पाठवणं दोन्ही होऊन वेग साधारण निम्म्यावर येतो. केबल ओढणं कटकटीचं, पण तेच खरं.

जुना राउटर रीसेट करून लॅपटॉपला केबलने जोडला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर होता, म्हणून याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला. मुख्य राउटर इतर उपकरणांना जे पत्ते वाटून देतो, त्यांच्या बाहेरचाच निवडावा. नव्या पत्त्यावर लॉगिन करून मग डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते देणारी सोय) बंद केला. तो चालू राहिला तर काही फोनना गेटवे (इंटरनेटकडे जाण्याची वाट) म्हणून हाच राउटर मिळतो. वायफायची खूण दिसते, इंटरनेट मात्र नाही.

मुख्य राउटरकडची केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्येच (घरातली उपकरणं जोडायचं) लावायची. वॅनमध्ये (इंटरनेटची लाइन जोडायच्या पोर्टमध्ये) लावली की वेगळं नेटवर्क तयार होतं आणि फोनला प्रिंटर सापडत नाही. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर ही सगळी खटपट वाचते.

नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे एकच ठेवला, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल एकीकडे १, दुसरीकडे ११. तरीही फोन लांबच्या राउटरला चिकटून राहिला, तर मुख्य राउटरची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलची ताकद) कमी करा.