फोर्थ ऑफ जुलै शहरात नको, गावातल्या परेडला घालवा

अमेरिकेत आल्यावर पहिल्या वर्षी आम्ही फोर्थ ऑफ जुलैला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाला, हौसेने मोठ्या शहरातली आतषबाजी बघायला गेलो. फटाके वीसेक मिनिटं आणि नंतर पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला दोन तास, पोरगं मागच्या सीटवर रडून रडून झोपलं. तेव्हापासून आम्ही छोट्या गावाची परेड धरली, आणि खरं सांगते, आपल्याकडच्या जत्रेची आठवण येते. नवीन आलेल्यांसाठी लिहितेय.

सगळ्यात आधी गाव निवडा. टाऊनच्या वेबसाइटवर किंवा लायब्ररीच्या बोर्डावर जूनमध्येच वेळापत्रक लागतं. फटाके ४ तारखेलाच असतील असं धरून चालू नका, काही गावं ३ ला किंवा वीकेंडला उडवतात. जवळपास असाल तर ऱ्होड आयलंडमधलं ब्रिस्टल एकदा बघाच, तिथे १७८५ पासून हा दिवस साजरा होतोय आणि परेडच्या रस्त्यावर मधोमध पट्टासुद्धा लाल-पांढरा-निळा रंगवलेला असतो. गर्दी मात्र तिथेही भरपूर, पहाटे निघायची तयारी हवी.

आता जागा. बऱ्याच गावांत लोक आदल्या रात्रीच रस्त्याच्या कडेला फोल्डिंग खुर्च्या मांडून जातात आणि कोणी हात लावत नाही (एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायचो ना, तसंच). पण काही ठिकाणी याला बंदी असते, आधी विचारून घ्या. सावलीची बाजू पकडा, दहा वाजता बरं वाटणारं ऊन बारा वाजता भाजून काढतं.

परेडमध्ये काय असतं? शाळेचे बँड, माजी सैनिक, फायर ब्रिगेडच्या गाड्या, जुन्या मोटारी, मतं मागणारे पुढारी, आणि मुलांसाठी उधळलेल्या गोळ्या-चॉकलेटं, म्हणून मुलाच्या हातात पिशवी द्या, पण गाडीच्या चाकांजवळ पळू देऊ नका. झेंडा पुढून गेला की लोक उभे राहतात, टोप्या काढतात, आपणही उभं राहावं. मुलांची सजवलेल्या सायकलींची वेगळी फेरी असेल तर नाव नक्की घाला. नुसतं बघण्यापेक्षा सामील झालं की ओळखी होतात, आमच्या शेजाऱ्यांशी धड बोलणं सुरू झालं ते तिथेच. तुमच्याकडे ढोल-ताशा पथक असेल तर परेडच्या कमिटीला आधीच, अगदी मे महिन्यातच विचारा.

दुपारी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेली अंगतपंगत. हॉटडॉग-बर्गर तिथे असतातच, तुम्ही मक्याची कणसं न्या, निखाऱ्यावर भाजून लिंबू-तिखट-मीठ चोळा. माझ्या अनुभवाने सगळ्यात आधी हेच संपतं. शाकाहारी असाल तर ग्रिलवर वेगळी जागा मागायला लाजू नका, फॉइल अंथरून देतात. बिअर पार्कात चालते का ते मात्र बघून घ्या, बऱ्याच पार्कांत चालत नाही.

फटाके अंधार पडल्यावर, म्हणजे उत्तरेकडे नऊ-साडेनऊला. चादर, डासांचं क्रीम, बाळासाठी कान झाकायचे हेडफोन. कुत्रा घरीच, दारं-खिडक्या बंद. गाडी अर्धा मैल लांब, बाहेर पडायच्या दिशेला तोंड करून लावा, एवढ्या एका गोष्टीने तासभर वाचतो. आणि दिवाळीसारखे स्वतः फटाके उडवायचा मोह आवरा. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये तर साधी फुलबाजीसुद्धा बेकायदा, शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधून विकत आणली तरी.

मुलांनी विचारलं तर सांगायला असू द्या: ब्रिटनपासून वेगळं व्हायचा ठराव २ जुलै १७७६ ला झाला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला ४ ला. म्हणून २०२६ मध्ये २५० वर्षं.

५ तारखेला दुकानात चक्कर मारा, उरलेल्या लाल-निळ्या प्लेट्स आणि झेंडे स्वस्तात मिळतात, पुढच्या वर्षीसाठी घेऊन ठेवा. फक्त त्यावर साल छापलेलं नाही ना, ते बघा.